भुजलीचं नाव

माय, सर्वांत आधी आली ती शेजारची बुढी, हातात रिकामी वाटी घेऊन. विरजण पाहिजे म्हणे. तिच्या गोठ्यात दोन म्हशी, तिला कायले पाहिजे माझं विरजण? स्कूटीवरून दोघी उतरल्या ते तिनं कुंपणावरून पाहिलं, म्हणून आली. माझी नातीन अजून हेल्मेटच काढून राहिली होती, तर ही वाटी पुढं करून विचारते, "मोठ्या कालेजात मास्तरीन झालीस म्हणतेत. मंग लगन काऊन नाही केलीस व?" नातीननं सोबतच्या पोरीकडं बोट दाखवलं नि म्हणाली, "केली ना आजी. हे काय, सोबतच आणली." बुढीची वाटी तशीच धरलेली, तोंड तसंच उघडं. मी म्हटलं, "विरजण नेतेस का उभ्या उभ्या तूच विरजतेस?" माय, मी इतकी हसली की मला ठसका लागला. सोबतच्या पोरीनं माझी पाठ चोळली. मऊ हात आहे तिचा. तुझ्यासारखा नाही.

तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुला लिहून राहिली, नातीनच्या वहीतल्या कागदावर, तिच्याच पेनानं. अक्षर चौथीचं आहे, वाकडं आहे, चालवून घे. चौथीच्या पुढचं तूच होऊ दिलं नाहीस. आठवते का, मी शाळेतून आली आहे, तू चुलीपुढं बसली आहेस, लाखोरीची डाळ शिजून राहिली आहे, आणि तू हात पुढं करून पाटी मागतेस. मला वाटलं पाहायची असेल. त्या दिवशी मी नऊचा पाढा न चुकता लिहिला होता. तू लाकडाची चौकट गुडघ्यावर मोडून चुलीत घातलीस, आणि पाटी जळणार नाही हे ध्यानात आल्यावर तिचं दह्याच्या गाडग्यावर झाकण केलंस. लग्न होऊन जाईपर्यंत मी रोज तेच झाकण उचललं. नऊचा पाढा कधीचाच पुसून गेला होता, तरी मी पाहायची. तुला ते माहीत होतं. तू मुद्दाम मलाच दही काढायला लावायचीस.

तर आता ऐक आणि जळ. त्याच घरातल्या पोरीची नातीन सिनेमात डॉक्टर झाली. सुई टोचणारी नाही, पुस्तकं लिहिणारी. सिनेमा पाहणं हेच तिचं काम, पोरांना तो दाखवणं आणि मग त्याच्यावर भांडणं. बाई पडद्यावर कोणी दाखवली, कशी दाखवली, पाहणाऱ्या बाईला कुठं बसवलं, असं सगळं. आणि बाईचा बाईवर जीव बसतो, गड्याचा गड्यावर, त्याचंही तिच्याकडं शास्त्र आहे, त्याला क्वीअर म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुठल्या तरी औषधाचं नाव वाटलं. आता मी शेजारणीला समजावून सांगते. गोंदियात बीए केलं, मग हैदराबादेत पुढचं, मग सात वर्षं पीएचडी. त्याच्यानंतर कितीक वर्षं तासिकेवर शिकवत फिरली, आज या कालेजात, उद्या त्या. पक्क्या नोकरीच्या मुलाखतीला तीनदा गेली आणि तिन्ही वेळा लोक हसले. एकानं विचारलं, "बाई, तुम्ही घरच्या म्हातारीच्या गोष्टीवर पीएचडी केली का?" दुसऱ्यानं विचारलं, "हे विषय तुमच्या घरी चालतात का?" घरी कुठं चालत होते! माझा पोरगा, तिचा बाप, सहा वर्षं तिच्याशी बोलला नाही. आजही पाहुण्या आल्या तसा मागच्या दारानं शेतावर गेला नि जेवायलाही आला नाही. मी त्याच्या वाटणीचा झिंग्याचा रस्सा त्या सोबतच्या पोरीला वाढला. बोटं चाटून खाल्लं तिनं. भोपाळकडची आहे, हिंदीत बोलते, पण जेवते आपल्यासारखी. चौथ्या मुलाखतीत नातीनला पक्कं केलं. तिचं पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं म्हणे.

आणि त्या पुस्तकात तू आहेस माय. आख्खा एक पाठ. नातीननं मला मराठीत करून वाचून दाखवला. कुठकुठल्या देशातली पोरं तो वाचतात आणि तुला शिव्या घालतात. एका गोऱ्या पोरीनं तर वर्गात रडून विचारलं म्हणे की अशी आई असते का. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. गावात तुझ्यापुढं कोणाची मान वर होत नव्हती, आपले पूर्वज माळव्यातून आले म्हणून तू तलावाच्या पारीवरून अशी चालायचीस की तो सगळा बांधच आपला. आता समुद्रापलीकडची पोरं तुझ्या नावानं थुंकतात. नाव लिहिलं नाही तिनं, 'पणजी' लिहिलं आहे, पण तू ती तूच.

पण लिहायला बसली ते हे सांगायला नाही. ती सापडली, माय. माझी भुजली. कुडव्यात राहते, जित्ती आहे, आणि या दोघी तिला इथं माझ्यापुढं आणून बसवणार आहेत, कॅमेरा लावून.

सोबतच्या पोरीला मला भुजली म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावं लागलं. श्रावणात टोपलीत गहू पेरायचे, अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे अंकुर तलावावर धुवायचे, आणि जिच्यावर जीव आहे तिच्या कानामागं खोचायचे. तिनंही आपल्या कानामागं खोचले की त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या भुजली. सख्ख्या बहिणीच्या वर. मग मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. पोरगी विचारते, "दादी, नाम ले लिया तो?" मी म्हटलं, "टूट गया. खतम. मंग ते कोन नि मी कोन." तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, लिहू नको व माय, पण तोंडातून निघालं नाही.

माझी भुजली आपल्या तलावात जाळं टाकणाऱ्याची पोरगी. तुला ती उंबऱ्याच्या आत चालत नव्हती, पण भुजलीला नाही म्हणता येत नाही, म्हणून तू तिला ओसरीवर बसवून पाणी वरून ओतायचीस, ओंजळीत, मुद्दाम अर्धं बाहेर सांडत. ती भिजलेल्या हातानं हसायची. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कामठ्याला तंबूचा सिनेमा आला ते वर्ष. गडी पडद्याच्या पुढं बसत, बाया पडद्याच्या मागं, मधी कनात. मागून सगळं उलटं दिसे. हिरो डाव्या हातानं जेवे, पाटीवरची अक्षरं वाचता येत नसत. आम्ही बायांच्या बाजूनं एकदा पाहून आलो, तू सोबत होतीस, आणि वाटेत भुजली मला म्हणते, "मले सुलटा पाहायचा हाय व. एकडाव तरी." पुढच्या बाजूला बाई बसायची ती नवऱ्यासोबतच. मग तिनं भावाचं धोतर नेसलं, डोक्याला दुपट्टा बांधला, मी तोंडावर पदर ओढला, आणि आम्ही नवीन नवरा-नवरी होऊन दारातून आत गेलो. तिकिटवाला म्हणाला, "बस गा, नवरीले पाहू दे पुढून." ती तोऱ्यात मान हलवते, आवाज काढत नाही. मी पदराच्या आत हसून हसून मरून राहिली आहे. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही, नातीननं कितीदा विचारलं. एवढंच आठवते की हिरो उजव्या हातानं जेवत होता, आणि अंधार झाल्यावर भुजलीनं माझा हात धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही. मीही काढला नाही. "तेव्हा तुला काय वाटलं, आजी?" नातीन विचारते. "मुंग्या आल्या हाताले, दुसरं काय!" यावर ती आणि तिची सोबतीण एकमेकींकडं पाहून हसतात. हसू दे.

हीच गोष्ट मी नातीनला ती सात वर्षांची असताना सांगितली होती, केस विंचरताना. तिथूनच तिला हे सिनेमाचं खूळ लागलं. गोष्टीचा पुढचा भागही तेव्हाच सांगितला आणि पुढं शंभरदा सांगितला. मंडईत माझा पदर सरकला नि कोणीतरी मला ओळखलं, बाजूच्या पोराला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की हिची पोरगी परक्या पोराच्या मांडीला मांडी लावून सिनेमा पाहून आली. माझं लग्न ठरून राहिलं होतं तेव्हा. तू मला चिमट्याचा चटका दिलास, मी सांगून टाकलं की पोरगा नव्हता, भुजली होती. मग तू माझी वेणी धरून मला तलावाच्या पारीवर ओढत नेलंस, बाया धुणं धूत होत्या, आणि सगळ्यांसमोर मला भुजलीला नावानं हाक मारायला लावलीस. असं मी सांगितलं. असंच पुस्तकात छापलं. बाईच्याच हातून बाईचं नातं कसं तोडतात, त्याच्यावर नातीननं पानंच्या पानं लिहिली.

पीएचडीच्या शेवटच्या दिवशी म्हणे मोठ्या गुरुजींनी तिला विचारलं, "पुरावा काय? साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, कागद नाही, फोटो नाही." आणि ही सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "माझी आजी खोटं बोलत नाही, सर." हे तिनं मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा कढी फोडणीला टाकून राहिली होती. कढी फाटली. मी सुनेवर ओरडली की दही आंबट आणलंस.

आता कुडव्याचं. या दोघी आठ दिवसांपासून गोंदियात खोली घेऊन राहतात आणि गावोगाव म्हाताऱ्या शोधतात, ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला. सोबतच्या पोरीच्या स्कूटीचं चाक कुडव्यात पंक्चर झालं. पंक्चरवाल्याची बुढी माय दुकानापुढं खाटेवर बसली होती. हिनं सवयीनं विचारलं, "अम्मा, तंबूवाला सिनेमा देखा था? पर्दे के पीछे से?" बुढी म्हणाली, "मागून कायले? मी सुलटा पाहिली होती. धोतर नेसून." पोरगी म्हणते तिच्या अंगावर काटा आला. लगेच नातीनला फोन, तीही पळत गेली, दोघींनी बुढीला मिठ्या मारल्या, माझं नाव सांगितलं. भुजलीनं दोघींना खाटेवर बसवलं. मग चहा मागवला. मग म्हणाली, "बाकीचं तिच्यापुढंच सांगन. तिले म्हणा, मी येतो." नातीन मला हे सांगून राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटते भेट होईल, दोन म्हाताऱ्या गळ्यात पडून रडतील, कॅमेरा चालू असेल. आधी मला एकटीला पुन्हा सगळं सांगायला बसवलं. सोबतची पोरगी कॅमेऱ्यामागं, नातीन माझ्या पाठीमागं बसून माझे केस विंचरते आहे, लहानपणी मी तिचे विंचरायची तसे. केस राहिले कुठं, उंदराचं शेपूट! तिनं ती दोन बोटांची वेणी धरली आणि हळूच विचारलं, "इथं धरली होती का पणजीनं?"

मी म्हटलं, "हो. तिथंच."

"पक्कं ना आजी?"

"पक्कं."

तू माझी वेणी धरली नव्हतीस, माय. चटका दिलास ते खरं. पण मी सगळं सांगितल्यावर तू चिमटा खाली ठेवलास. मग म्हणालीस, "तोंड बंद ठेव. कोनाले सांगू नको. मी पाहून घेतो." तू काय पाहून घेणार होतीस ते मला आजवर समजलं नाही. मी थांबलीच नाही. तू सुपात तांदूळ पाखडून राहिली होतीस तेव्हा मी घागर घेऊन आपणहून पारीवर गेली, कारण मला माहीत होतं की माझ्या होणाऱ्या सासूची बहीण तिथं धुणं धुवायला येते. ती आली होती. आणि भुजलीही होती, गुडघाभर पाण्यात. मला पाहून तिचं तोंड उजळलं. "ये व भुजली," म्हणते, "पानी गरम हाय आज." मी तिला नावानं हाक मारली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि वरून विचारलं, "तुह्या भावाचं धोतर वाळलं का व? का अजून नेसूनच हायेस आतून?" बाया हसल्या. सासूची बहीण सर्वांत जास्त हसली. भुजली हसली नाही. तिनं पाण्यात हात घातला, वर काढला, पुन्हा घातला. जणू काही खाली पडलं होतं.

आपल्या गावच्या मंडईला दंडारीच्या खेळात नाच्यानं बाई होऊन वर धोतर गुंडाळलं आणि दुपट्टा बांधून तिची नक्कल केली. गाव लोळून लोळून हसलं. नाच्या गडी असून लुगडं नेसतो त्याला टाळ्या, आणि ती, एक दिवस सिनेमा सुलटा पाहायला धोतर नेसली, तिची ही गत. हे वाक्य माझं नाही, नातीनच्या पुस्तकातलं आहे, पण खरं आहे. महिन्याच्या आत तिच्या बापानं तिला दोन लेकरांच्या बिजवराला देऊन टाकलं. तिला न्यायला आले तेव्हा मी ओसरीवर होती. ती आपल्या घरावरून गेली आणि तिनं वर पाहिलं नाही. माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, तो जाईपर्यंत बावन्न वर्षं सुखात गेली. मी कधी पस्तावली नाही, हेही लिहून ठेवते, तुझ्याशी खोटं बोलून काय फायदा.

त्या दिवशी पारीवरून मी घरी आली त्याच्या आधीच बातमी आली होती. तू सूप खाली ठेवलंस, उठलीस आणि एक थापड मारलीस, माझ्या कानातलं डूल तुटून तांदळात पडलं. "मी सांगतली होती का तुले? भुजलीचं नाव घेतलीस? चारचौघीत?" तू जन्मभर मला मारलंस, माय, दूध उतू गेलं म्हणून, हसली म्हणून, रडली म्हणून, पाटीकडं पाहिलं म्हणून. त्या सगळ्या मारातली ही एकच थापड बरोबर होती, आणि म्हणून मला तीच सर्वांत जास्त लागली. त्या दिवशी तू माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. पण गावात बाया म्हणायला लागल्या की मायनंच शिकवून पाठवली असन, तेव्हा तू हो म्हटलं नाहीस आणि नाहीही म्हटलं नाहीस. डोक्यावर घागर घेऊन निघून गेलीस. माझ्यासाठी चूप राहिलीस, का गाव तुला भीत होतं ते तुला आवडत होतं म्हणून, मला माहीत नाही. मी तुला चांगलं म्हणणार नाही. तुझ्या शेवटच्या महिन्यात अर्धं अंग गेलं होतं आणि मी तुला पेज भरवायची, एक चमचा, मग थांबून, मग दुसरा, तुझं तोंड उघडं ठेवून वाट पाहायला लावत. एक दिवस तू जड जिभेनं विचारलंस, "ते भुजली तुह्यी. जित्ती हाय का व?" मी चमचा वाटीत ठेवला आणि पेज थंड होऊ दिली. नंतर ती कुत्र्याला घातली.

आता काय करू सांग. मी म्हातारी, माझं काय होणार आहे? पण ती मुलाखतीतली माणसं अजून खुर्च्यांवर बसली आहेत. भुजली कॅमेऱ्यापुढं सांगेल की कोणी वेणी धरली नव्हती, ही एकटी आली होती, हसत आली होती. मग 'घरच्या म्हातारीच्या गोष्टी'चं काय होईल? माझ्या नातीनच्या तोंडाचं काय होईल, जिनं भर सभेत माझ्या खरेपणाची शपथ घेतली? दुपारी ती माझ्यापाशी लवंडली होती, डोकं माझ्या मांडीवर. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "तुह्या पणजीनं तुले पाहिलं असतं ना, तर तुह्यीही वेणी धरली असती." ती हसली. तिचे केस तर पोरासारखे कापलेले आहेत.

हे पत्र टाकू कुठं? तुझा पत्ता नाही, आणि नातीनच्या हाती पडलं तर वाचून घेईल. दह्याच्या गाडग्यावरची ती पाटी मी तुझ्या घरून आणली होती, अजून माझ्याकडं आहे. तांदळाच्या कोठीत तिच्याखाली ठेवते. मला तुझ्याकडून काही नको माय, माफीही नको, मी मागितली तर तू देणारी नव्हतीसच. एकच विचारायचं होतं. ती दारात उभी राहील, काठी टेकत असेल कदाचित, मी 'ये' म्हणीन. पण ये कोण? भुजली म्हणायचा हक्क मी पारीवरच घालवला, आणि तिचं खरं नाव मी त्या दिवसानंतर एकदाही तोंडातून काढलं नाही, तुझ्या या कागदावरसुद्धा नाही. तुला नक्की माहीत असतं काय म्हणायचं ते.

रविवारी येतो म्हणाल्या तिघी, जेवायलाच.